गोंदिया (बिरसी) ते चिपी : विमानाने अंतर किती, आणि खरंच वेळ किती लागतो?

बोदलकसा | ८ डिसेंबर २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी धाकटी बहीण कुडाळला असते. नोव्हेंबरात तिला मुलगा झाला. आई ७३ वर्षांची, गुडघ्यांनी बेजार, आणि नातवाला बघायचं म्हणून रोज विषय काढते. आम्ही कामठ्याचे, बिरसीचा विमानतळ घरापासून हाकेवर. बहिणीच्या घराजवळ चिपीचा विमानतळ. म्हणून मी नेटवर 'गोंदिया ते सिंधुदुर्ग विमान' असं शोधलं. एका पानावर लिहिलेलं सापडलं : अंतर ९४० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १ तास ४० मिनिटं. मी ते मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "पावणेदोन घंटे? मंग तर मी येत्या सोमवारीच जातो." आणि तिने खरंच पिशवी काढली, बाळासाठी शिवलेली दुपटी भरायला घेतली.

नंतर तिकीट बघायला गेलो, तर या दोन गावांमध्ये विमानच नाही. मग ते १ तास ४० कुठून आलं? कोणाचं? आणि प्रत्यक्षात तिला न्यायचं तर किती वेळ धरू? आम्ही आजवर महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो आहोत. सकाळी गोंदियाहून निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर, मग एसटीने फोंडा घाट उतरून कुडाळ. आता ते तिला झेपणार नाही.

काटकोन | ८ डिसेंबर, रात्री १०.२५

बाळाचं अभिनंदन. अंतराचा भाग मी सांगतो. हे कागदावर स्वतः काढता येतं आणि काढावंच, म्हणजे पानावरच्या आकड्यावर विसंबावं लागत नाही.

बिरसी साधारण २१.५३ उत्तर अक्षांश, ८०.२९ पूर्व रेखांश. चिपी १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व. अक्षांशातला फरक ५.५३ अंश. उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे कुठेही सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ५.५३ गुणिले १११, झाले ६१४. रेखांशाचं मात्र तसं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून १११ ला अक्षांशाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणायचं. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश १८.८, त्याची कोज्या ०.९४७. म्हणजे आपल्याकडे पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा. ६.७६ गुणिले १०५.१, झाले ७११. आता ६१४ आणि ७११ या काटकोनाच्या दोन बाजू. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, कर्ण येतो ९३९.

तेव्हा ९४० बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब काटेकोर केला तरी एवढ्या अंतराला किलोमीटर-दोन किलोमीटरचाच फरक पडेल. मुंबई-न्यूयॉर्कला ही युक्ती वापरू नका, तिथे ती फसते.

वेळेचा आकडा कसा आला तेही उघड आहे. असली पानं अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागतात आणि वर अर्धा तास मिळवतात. ९४० भागिले ८००, सव्वा तासाला थोडं कमी, अधिक अर्धा तास. झाले १ तास ४०. तिथे विमान जातं की नाही हे त्या पानाला ठाऊकच नसतं. दोन बिंदू दिले की ते भागाकार करतं.

रनवे२७ | ८ डिसेंबर, रात्री ११.१०

काटकोन यांनी अंतर नीट सांगितलं. वेळेबद्दल माझं. मी बरीच वर्षं विमानतळावर काम केलं आहे.

ताशी ८०० हा जेटचा वेग. छोट्या गावांना बहुतेक एटीआर ७२ जातं, पंख्याचं विमान, सत्तर-बहात्तर आसनांचं. त्याचा वेग साधारण २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, आणि तो १.८५२ किलोमीटरचा. आपल्यासाठी सोपा हिशोब : अंतर भागिले ५००, अधिक अर्धा तास. उद्या बिरसी-चिपी थेट एटीआर सुरू झालं तर १ तास ५३ अधिक ३०, म्हणजे २ तास २० मिनिटं धरा.

हा अर्धा तास लोकांना कळत नाही, म्हणून सांगतो. तिकिटावर छापलेला वेळ हवेतला नसतो. चाकांखालचे अडसर काढून विमान जागचं हललं, तिथपासून दुसऱ्या गावी चाकांखाली पुन्हा अडसर लागले, तिथपर्यंतचा तो वेळ. आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं आलं, चढताना कमी असलेला वेग आला, उतरताना वळसा घेऊन वाऱ्याच्या तोंडावर येणं आलं. बिरसीची धावपट्टी नैर्ऋत्य-ईशान्य आहे, चिपीची पूर्व-पश्चिम. वारा ज्या बाजूचा असेल त्या बाजूने उडावं आणि उतरावं लागतं, मग पाच-सात मिनिटं इकडेतिकडे होतातच.

आणि मुख्य गोष्ट, आईंना थेट विमान मिळणार नाही. जोड घ्यावी लागेल. बिरसीहून इंडिगोचं एटीआर हैदराबादला जातं, १ डिसेंबर २०२३ पासून. हैदराबादहून चिपीला फ्लाय९१चं एटीआर आहे, पण ते रोज नाही. आधी दोन्हींचे वार जुळतात का ते पाहा.

बोदलकसा | ९ डिसेंबर, सकाळी ७.०५

दोघांचे आभार. हैदराबाद म्हणजे केवढा वळसा! आधी दक्षिणेला जायचं आणि मग पश्चिमेला. आईला हे पटवायचं कसं?

काटकोन | ९ डिसेंबर, सकाळी ८.३०

वळसा वाटतो तेवढा नाही, मोजून पाहा. हैदराबादचा विमानतळ १७.२४ उत्तर, ७८.४३ पूर्व. त्याच रीतीने बिरसी-हैदराबाद ५१५ किलोमीटर येतं, हैदराबाद-चिपी ५४०. बेरीज १०५५. थेट ९४०. म्हणजे ११५ किलोमीटर जास्त, एटीआरला चौदा मिनिटांचं काम. रेल्वेने मुंबईपर्यंत जाऊन पुन्हा कोकणात खाली उतरण्यापेक्षा हा कोन कितीतरी सरळ आहे.

वेळ आकाशात जाणार नाही, हैदराबादच्या जमिनीवर जाणार आहे.

सुरंगी_सडा | ९ डिसेंबर, दुपारी १.१५

आम्ही परुळ्याचे, चिपीचा सडा आमच्या घरामागेच. बोदलकसा, आवशीक घेऊन येवा, मी घावणे आणि रस करून ठेवतंय.

दोन गोष्टी अनुभवाच्या. एक, जून ते सप्टेंबर या वाटेला जाऊ नका. गेल्या पावसाळ्यात मी येत होते. चिपीवर ढग इतके खाली की खिडकीतून फक्त पांढरं. विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि परत फिरलं. खाली नवरा गाडी घेऊन उभा, त्याला आवाज ऐकू येत होता, विमान दिसत नव्हतं. घरावरून जाऊन मी पुन्हा निघाले होते तिथेच उतरले. वैमानिकाने योग्यच केलं, पण त्यानंतर दुसऱ्या दिवशीची सोय आमची आम्हाला करावी लागली. डिसेंबर-जानेवारीत हा त्रास नाही, सड्यावर आभाळ स्वच्छ असतं.

दुसरं, मुंबई-चिपी विमान आता नाही, तो विचारही करू नका. ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं तेव्हा आख्खं गाव बघायला गेलं होतं. या ऑक्टोबरात बंद झालं. पुण्याहून ऑगस्टपासून आहे.

रनवे२७ | ९ डिसेंबर, दुपारी ३.५०

सुरंगी, ते बंद का झालं याचा हिशोब तीन वर्षांचा आहे. छोटी गावं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेत कंपनीला एका मार्गावर तीन वर्षं तूट भरून मिळते आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसरं कोणी येत नाही. बदल्यात काही जागा ठरलेल्या भाड्याने द्याव्या लागतात. तीन वर्षं संपली की मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मुंबई-चिपी ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२४, बघा मोजून. बिरसीनेही हे पाहिलं आहे. मार्च २०२२ मध्ये तिथे फ्लायबिगचं इंदूर-गोंदिया-हैदराबाद सुरू झालं होतं, ते टिकलं नाही. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की छोट्या विमानतळाचं वेळापत्रक मागच्या वर्षीच्या आठवणीवरून धरू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. प्रत्येक वेळी नव्याने पाहा.

पावसाळ्याचं म्हणाल, तर जिथे उपकरणांच्या आधाराने उतरण्याची सोय नसते तिथे वैमानिकाला नजरेने धावपट्टी दिसावी लागते. दृश्यमानता पाच किलोमीटर हवी. ढगात ती मिळत नाही.

हवामानवेडी | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

वाऱ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर उंचावर पश्चिमेचे वारे असतात. हैदराबादहून चिपीला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी. ५४० किलोमीटर म्हणजे २९२ नॉटिकल मैल. वारा शांत असेल तर २७५ नॉटने ६४ मिनिटं. समोरून ३० नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग २४५ राहतो, मग ७१ मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर ५७. एकाच वाटेवर जाण्या-येण्यात चौदा मिनिटांचं अंतर पडतं. आईंना जाताना जास्त वेळ लागला तर काळजी करू नका.

अॅबरडीनचा_पाऊस | ९ डिसेंबर, रात्री ११.३५

स्कॉटलंडहून लिहितोय. छोट्या विमानतळांचा धागा म्हणून राहवलं नाही. इथे उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान चालतं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा चांगला असेल तर त्याहून कमी, विक्रम ५३ सेकंदांचा आहे. लोगनएअरचं आठ प्रवाशांचं आयलंडर विमान, त्यात शिक्षक, डॉक्टर, तपासणीला निघालेले म्हातारे. मी एकदा मुद्दाम गेलो. वैमानिकाच्या खांद्यामागे बसलो होतो, पट्टा बांधून मान वर करेपर्यंत समोर दुसरी धावपट्टी.

चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे ना? म्हणजे ते आख्खं उड्डाण तुमच्या एका धावपट्टीएवढं. तरीही ते चालू आहे, कारण मधल्या समुद्रात बोट लावता येईलच असं नसतं, आणि सरकारने त्या बेटांना ते देणं मानलं आहे. आपल्याकडेही दूरच्या तालुक्यांचा विचार तसाच व्हावा असं मला फार वाटतं.

केळीबाग | १० डिसेंबर, सकाळी ९.१०

काटकोन यांच्या रीतीने जळगाव-कोल्हापूर काढलं. ४९८ किलोमीटर आले. बरोबर का? लेक तिथे शिकते.

काटकोन | १० डिसेंबर, सकाळी ९.४५

बरोबर. एटीआर असतं तर दीड तास. छान वाटलं, कोणीतरी कागद-पेन घेतलं.

प्रवासाची_डबी | १० डिसेंबर, सकाळी ११.००

बोदलकसा, मी तिकिटांचं काम करते. मनापासून सांगते, तुम्ही दोन्ही टोकांना घराजवळचा विमानतळ धरून बसला आहात, तो आग्रह सोडून पाहा. गोंदिया-नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर, दोन तासांच्या आसपास. नागपूरहून गोव्याला थेट विमान आहे. मोपाला उतरलात की बांदा, सावंतवाडी करत तासाभरात कुडाळ. सरळ रेषेत नागपूर-मोपा ८०० किलोमीटरच्या थोडं वर, आणि तिथे जेट जातं, म्हणजे दीड तास. दारापासून दारापर्यंत एका दिवसात होईल.

हैदराबादमार्गे जायचंच असेल तर हे नक्की लक्षात ठेवा. दोन कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. सामान थेट चिपीला जाणार नाही. हैदराबादला पट्ट्यावरून घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा आत जाऊन जमा करायचं. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. निदान चार तास मध्ये ठेवा, त्याच दिवशीची जोड असेल तर. आणि चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा, आयत्या वेळी नको.

बोदलकसा | १० डिसेंबर, रात्री १०.१५

प्रवासाची_डबी, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आज आईला सगळं कागदावर काढून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, जाईन तर बिरसीवरूनच.

कारण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केली. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तेव्हा पोरगेलेसे होते. तिथे डोक्यावरून खडी वाहायला गेले होते, हे आईने लहानपणापासून ऐकलेलं. नंतर कित्येक वर्षं तिथे काही नव्हतं. मग वैमानिक घडवणारी शाळा आली, आणि तेव्हापासून शिकाऊ विमानं आमच्या धानाच्या बांध्यांवरून दिवसभर गोल फिरतात. रोवणी करताना बाया मान वर करून बघतात. आई म्हणते, बापाने ज्यावर खडी टाकली त्यावरून एकदा मला जायचं आहे. याला मी काय उत्तर देऊ?

तेव्हा जाताना बिरसी-हैदराबाद-चिपी, परतीला मोपा-नागपूर. हैदराबादला मामेभाऊ राहतो. त्याच्याकडे एक रात्र मुक्काम, म्हणजे जोड चुकायची भीती नाही आणि तिला पाठही टेकता येईल. तारखा जानेवारीतल्या बघतो.

रनवे२७ | १० डिसेंबर, रात्री १०.५०

आईंना माझा नमस्कार सांगा. एटीआरमध्ये त्यांना एक सोय आहे. त्याचं दार मागच्या बाजूला असतं आणि जिना दाराचाच, पाच-सहा पायऱ्यांचा. मोठ्या विमानासारखं उंच चढायचं नसतं. मागच्या रांगेतली जागा घ्या, म्हणजे आत फार चालायला नको. पंख छताच्या पातळीला असतात, त्यामुळे मागच्या खिडकीतून खालचं सगळं दिसतं. धान कापून झालेलं असेल, पण बांध्या ओळखू येतील.

बोदलकसा | २१ जानेवारी २०२५, रात्री ८.३०

मंडळी, पोचलो. धागा वर काढतोय, कारण आकडे द्यायचे कबूल केले नव्हते तरी आईनेच टिपून ठेवले आहेत. कॅलेंडरच्या पानामागे, पेन्सिलीने. विमान हललं, उडालं, टेकलं, थांबलं, असे चार रकाने. शेजारच्या माणसाला घड्याळ विचारून लिहिलं, कारण तिचं मनगटी घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हे तिला माहीत होतं.

बिरसी-हैदराबाद : हललं ते थांबलं १ तास २४ मिनिटं, त्यात उडालं ते टेकलं १ तास ९.
हैदराबाद-चिपी : १ तास ३४, त्यात हवेत १ तास १७.

म्हणजे हवेत एकूण २ तास २६ मिनिटं. आणि कामठ्याच्या दारातून सकाळी दहाला निघालो ते कुडाळच्या दारात दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला. साडेअठ्ठावीस तास. रेल्वे-एसटीपेक्षा चार-पाच तासच कमी. पण त्यातली रात्र पलंगावर झोपून गेली, घाट बसून उतरावा लागला नाही, आणि उतरल्यावर तिचे पाय सुजलेले नव्हते. बहिणीने आधी पायच पाहिले.

बिरसीवरून उठताना ती काही बोलली नाही. खिडकीला कपाळ लावून बसली होती. विमान वळलं तेव्हा खाली कामठ्याचा तलाव दिसला, मग आमच्या बांध्या, मग सगळंच लहान झालं. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "धावपट्टी मागं राहिली का?" मी हो म्हणालो. तेवढंच.

सुरंगी, घावण्यांसाठी किती आभार मानू. आई म्हणते, रसाचं प्रमाण लिहून द्या.

हवामानवेडी | २१ जानेवारी, रात्री ९.१०

हैदराबाद-चिपी अंतर २५ किलोमीटरच जास्त, म्हणजे तीन मिनिटं. आईंच्या कागदावर हवेतला फरक आठ मिनिटांचा आहे. उरलेल्या पाचात समोरचा वाराही असणार. त्यांच्या नोंदी फार आवडल्या.

काटकोन | २१ जानेवारी, रात्री ९.३०

मीही ताडून पाहिलं. ५१५ भागिले ५०० अधिक अर्धा तास, १ तास ३२. आईंचे १ तास २४. बिरसीला धावपट्टीपर्यंत रांग नसते, तिथे वाचलं असेल. दुसऱ्याचा हिशोब १ तास ३५, आईंचे १ तास ३४. कागद जपून ठेवा.

बोदलकसा | २१ जानेवारी, रात्री ९.५५

जपतोच आहे. आता तिचा पुढचा प्रश्न. परतीला मोपा-नागपूर सकाळचं विमान आहे. खिडकी डावीकडची घेऊ की उजवीकडची?

रनवे२७ | २१ जानेवारी, रात्री १०.०५

विमान ईशान्येला जाईल आणि सकाळचं ऊन उजवीकडून येईल. डावीकडची घ्या. हे जेट आहे, त्याचे पंख खिडकीखाली येतात, म्हणून पंखाच्या पुढची रांग सांगा. घड्याळ दोन मिनिटं मागे करून द्या त्यांना.